हवालदाराचा बिनबोभाट

फोन पुण्याहून होता. नानासाहेब कुंजिरांनी रिसीव्हर कानाला लावला, "बोला, बोला" म्हणाले आणि मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. नानासाहेब गप्प बसलेत ही गोष्ट त्या घरात इतकी विरळ होती, की माईसाहेब पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. शेवटी नानासाहेबांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"डॉक्टर, हा काय म्हणतोय ते मला मराठीत सांगा."

पलीकडचा माणूस मराठीतच बोलत होता. म्हणत होता ते सरळ होतं. आम्ही तपासायला पाठवलेलं शिंगराचं रक्त आईशी जुळत होतं, बापाशी जुळत नव्हतं. किलार्नी क्राउन हा त्या शिंगराचा बाप असूच शकत नव्हता.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा नीरेच्या काठावरच्या कुंजिरांच्या स्टडफार्मवर नवी नवी डॉक्टर होते. बाईमाणसानं घोड्यांची डॉक्टर व्हावं आणि त्यातही घोड्या गाभण राहतात की नाही हे बघायची नोकरी धरावी, याचं आसपासच्या गावांना अजून हसू येत होतं. माझ्या आईला तर मी नेमकं काय काम करते हे नातेवाइकांत सांगताच येत नसे. ती म्हणायची, "प्रमिला जनावरांची नाडी बघते."

किलार्नी क्राउन हा फार्मचा मानाचा नर. आयर्लंडहून बोटीनं आलेला, उंच, तांबूस, घाऱ्या डोळ्यांचा. त्याच्या सात पिढ्या नानासाहेबांना तोंडपाठ होत्या, आणि जेवायला आलेल्या पाहुण्याला भात येईपर्यंत पाचवी पिढी ऐकावी लागायची. रेसचे घोडे पैदा करायचे तर सगळा खेळ रक्ताचा. आई कोण, बाप कोण, त्यांचे आईबाप कोण, हे स्टडबुकात नोंदलेलं असल्याखेरीज घोड्याला शर्यतीत उभं राहता येत नाही. म्हणून तर फार्मची सर्वांत गुणी घोडी, चंद्रकोर, गेल्या हंगामात किलार्नी क्राउनकडे नेली होती. शिंगरू झालं तेव्हा नानासाहेबांनी सगळ्या गड्यांना पेढे वाटले होते.

फार्मवर दुसरा नर एकच होता. त्याचं नाव हवालदार.

हवालदाराच्या कामाबद्दल सांगताना मला अजूनही शब्द शोधावे लागतात. घोडी माजावर आहे की नाही हे माणसाला बाहेरून नीट कळत नाही, घोड्याला कळतं. पण मानाच्या नराला अशा चौकशीसाठी पुढे करत नाहीत, एखादी नाखूश घोडी लाथ घालील म्हणून. त्यासाठी एक साधा घोडा ठेवतात. त्याला टीझर म्हणतात. तो कुंपणाच्या अलीकडे उभा राहतो, घोडी पलीकडे. तो हुंगतो, खिंकाळतो, मान फुगवतो, गोड बोलतो. घोडीनं लाथ झाडली तर त्याच्या नशिबी लाथ. घोडी राजी दिसली तर त्याला ओढत परत नेतात आणि आयरिश पाहुण्याला घेऊन येतात.

हवालदाराला हे काम मिळालं ते त्याच्या कर्तबगारीमुळे. तो जातिवंत होता, स्टडबुकात त्याची रीतसर नोंद होती, त्याचा पणजोबा इंग्लंडात गाजलेला होता. पण पुण्याच्या मैदानावर तो पळायचा तेव्हा पुढच्या घोड्यांना अटक करायला निघालाय आणि वॉरंट घरी राहिलंय असा पळायचा. एकही शर्यत न जिंकता तो निवृत्त झाला.

त्याचंही रक्त पाठवलं. ते जुळलं.

मग चौकशी बसली. पागेसमोरच्या अंगणात नानासाहेब वेताच्या खुर्चीत, समोर सगळे सईस, आणि सगळ्यांत पुढे हुसेनभाई मुजावर, आमचा मुख्य सईस. हुसेनभाई म्हणाला, की हवालदाराच्या दाराची कडी तो रोज स्वतः लावतो, आणि कडी लावल्याशिवाय आपण कधी जेवायलाही बसलो नाही. नानासाहेबांनी असं अनुमान काढलं, की हवालदार तोंडानं कडी काढत असणार. लगेच प्रयोग झाला. हवालदाराला कोंडलं, कडी घातली आणि आम्ही सगळे, मालकांसकट, कडब्याच्या गंजीमागे दडून बसलो. पाय आखडले, डास चावले, नानासाहेबांना दोनदा शिंक आली. हवालदार उभ्या उभ्या झोपून गेला.

"म्हणजे कुणीतरी काढलीय," नानासाहेब म्हणाले. "एकाला तरी जावं लागेल."

त्यांनी हुसेनभाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नोकरी गेली तर मला दुसरी मिळणं अवघड होतं. ज्या फार्मवर बाप बदलला त्या फार्मची डॉक्टर, आणि तीही बाई, असं माझं नाव सगळ्या रेसच्या दुनियेत झालंच असतं. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी डासाच्या चाव्यानं कोपर खाजत होतं.

माईसाहेब पायरीवर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कुणी जाणार नाही. काढायचंच असेल कुणाला, तर आधी मला माहेरी पोचवा."

त्यांचं माहेर सासवडला, म्हणजे फार लांब नव्हतं. पण लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. नानासाहेब खुर्चीतून उठले आणि चौकशी तिथेच संपली. माणसांची कणव असलेली बाई, असं मी मनात म्हटलं आणि त्यांचे पाय धरावेत इतकी मी हळवी झाले.

शिंगरावरचा राग मात्र गेला नाही. त्याला स्टडबुकात घालायचं तर बापाच्या जागी हवालदार लिहायला हवं, आणि ते नानासाहेबांच्या हातून होत नव्हतं. त्यांनी पाचगणीला प्रवाशांना घोड्यावर फिरवणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्यानं शिंगराचे पाय दाबून पाहिले, म्हणाला पोरं बसवायला चांगलं आहे. मी मध्ये पडले. शिंगराच्या छातीला मी रोज नळी लावत होते. त्याचे ठोके इतके संथ आणि खोल होते की दोन ठोक्यांच्या मध्ये मला काळजी वाटायची. एवढं काळीज घेऊन हा पोरं कशाला फिरवील, असं मी म्हणाले. नानासाहेबांनी विचारलं, "हवालदाराचं काळीज कसं होतं?" मी कधी ऐकलंच नव्हतं, हे मला कबूल करावं लागलं.

तो माणूस येऊन गेला त्या दिवसापासून घरात दुधीभोपळ्याखेरीज काही शिजेना. नानासाहेब मटणावर जगणारे. सकाळी दुधी, संध्याकाळी दुधी, एकदा दुधीचा हलवा, तोही कमी साखरेचा. माईसाहेब वाढायच्या, हसतमुख असायच्या, त्या विषयावर अवाक्षर काढायच्या नाहीत. पंधरवडा उलटला असेल. मी जेवायला होते. नानासाहेबांनी ताट किंचित पुढे सरकवलं.

"बरं. राहू दे तो. नोंद करतो." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पण एवढी माणसं, एवढी कुंपणं, आणि सगळं इतकं बिनबोभाट झालंच कसं?"

"नाव चांगलं आहे," माईसाहेब म्हणाल्या.

"कसलं नाव?"

"त्याचं. बिनबोभाट."

दुसऱ्या दिवशी घरात तांबडा रस्सा झाला, आणि स्टडबुकात नोंद गेली: बिनबोभाट, आई चंद्रकोर, बाप हवालदार.

त्यानंतरची दोन वर्षं वाईट गेली. पुण्यात क्लबात कुणीतरी नानासाहेबांना सॅल्यूट ठोकला. दुसऱ्या कुणी "जमादारसाहेब" म्हणून हाक मारली. त्यांनी क्लबात जाणं सोडलं. बाहेरचे मालक आपल्या घोड्या किलार्नी क्राउनकडे पाठवायचे, त्यांतल्या दोघांनी त्या परत नेल्या. कुंजिरांकडे पाठवायचं आणि बाप कोण निघेल सांगता येत नाही, असं ते म्हणत असल्याचं आमच्या कानांवर आलं. किलार्नी क्राउनची एक देखणी मुलगी, किलार्नी क्वीन, आम्हाला मनाविरुद्ध मुंबईच्या एका कारखानदाराला विकावी लागली. त्या संध्याकाळी नानासाहेब जेवले नाहीत. या सगळ्यात बिनबोभाट नावाप्रमाणे वाढला. काळपट, आखूड मानेचा, बापासारखाच झोपाळू. त्याला पाहायला कुणी येत नसे.

ट्रेनर केकी बिलिमोरियांनी त्याला घेतलं ते जुन्या ओळखीखातर. केकीशेठ पुण्याच्या मैदानावर आयुष्य काढलेले, शबनम पिशवीत टाइमपीस आणि सुतरफेणी घेऊन फिरणारे. ते म्हणाले, "नानासाहेब, हवालदार पण माझ्याकडेच होता ने. तेव्हा मी त्याच्यावर लई रागावलेला. आता पोराला बघून घेतो."

पहिल्याच शर्यतीत बिनबोभाटनं बापाचं नाव काढलं. निघण्यापूर्वी घोडे गोल फिरवतात तिथे तो एका घोडीपाशी थांबला आणि हलेना. मान फुगवली, ओठ वर केला, खिंकाळला. शर्यत सुटली तेव्हा तो तिच्या मागे, तिच्याच बेतानं पळत राहिला. ती शेवटून दुसरी आली आणि तो शेवटचा. लाउडस्पीकरवरचा साहेबी थाटाचा माणूस त्याला "बिन बॉबॅट" म्हणत होता. लोकांना वाटलं, घोडा अरबस्तानातून आलाय.

केकीशेठना दुखणं कळलं. पुढच्या वेळी त्यांनी शबनममधून विक्सची बाटली काढली आणि बिनबोभाटच्या दोन्ही नाकपुड्यांत बोटभर मलम चोपडलं. बावचळलेल्या घोड्याला जगात घोड्या आहेत याचा वासच येईना. करायला दुसरं काही उरलं नाही, म्हणून तो पळाला. पहिला आला. मागच्या घोड्याला त्याची शेपटीसुद्धा नीट दिसली नाही.

तो हंगाम त्यानं गाजवला. पुण्यात त्यानंतर तो हरलाच नाही. मुंबईत एकदाच हरला, कारण त्या दिवशी पावसाळा नसताना शिडकावा झाला आणि विक्स शिंकेबरोबर बाहेर आलं. वर्तमानपत्रांतून त्याच्या घराण्याबद्दल छापून येऊ लागलं. हवालदाराच्या इंग्लंडातल्या पणजोबाचा फोटोही कुठून तरी मिळवून कुणी छापला. फार्मवर हुसेनभाईनं हवालदाराला ते पान दाखवलं. त्यानं ते खाल्लं.

नानासाहेब मात्र एकाही शर्यतीला गेले नाहीत. कधी पाठ दुखायची, कधी ऊस तुटायला यायचा. रेडिओ लावून ते व्हरांड्यात बसायचे आणि बिनबोभाट जिंकला की रेडिओ बंद करून विहिरीकडे फिरायला जायचे.

मुंबईच्या डर्बीच्या दिवशी माईसाहेबांनी मोटार काढायला लावली. नवी पैठणी नेसून त्या पुढच्या सीटवर बसल्या, आणि पाठदुखीबद्दल काही ऐकून घेतलं नाही. मागे मी आणि नानासाहेब. फार्मच्या फाटकापासून मुंबईपर्यंत ते मला समजावत होते, की चोवीसशे मीटर हे अंतर फार, चंद्रकोरीच्या घराण्यात वेग आहे पण दम नाही, आणि बापाकडून काय येणार हे आपण जाणतोच.

महालक्ष्मीच्या मैदानावर त्या दिवशी सगळे जण एकाच घोडीबद्दल बोलत होते. किलार्नी क्वीन. आमचीच मुलगी, दुसऱ्याच्या घरची झालेली. ती पहिल्या पावलापासून पुढे निघायची आणि पुढेच राहायची. हंगामभर तिला कुणी गाठलं नव्हतं. तिला पाहिल्यावर नानासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," ते म्हणाले, "याला म्हणतात रक्त."

शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडकमध्ये केकीशेठ बिनबोभाटजवळ उभे होते. मी पाहिलं तर त्याच्या नाकपुड्या कोरड्या.

"केकीशेठ, विक्स विसरलात."

"नाही विसरलो, बाई." त्यांनी आवाज खाली आणला. "ती पुढे पळते ने? आज याला वास येऊ दे."

शर्यत सुटली. किलार्नी क्वीन ठरल्याप्रमाणे पुढे गेली. पहिल्या वळणावर बिनबोभाट घोळक्याच्या मधोमध होता, जॉकी अल्ताफ त्याच्या मानेवर मांजरासारखा चिकटलेला. मग वाऱ्याची झुळूक समोरून आली. मी खोटं बोलत नाही, त्या घोड्यानं नाक वर केलेलं मला दुर्बिणीतून दिसलं. तो बाहेरच्या अंगाला आला आणि निघाला. पुढचे एकेक घोडे त्यानं असे मागे टाकले, जणू ते फाटकातले खांब होते. शेवटच्या सरळ पट्ट्यात क्वीन आणि तो, दोघंच. तो तिच्या पुठ्ठ्याला आला, मग पोटाला, मग खांद्याला खांदा. आणि तिथे थांबला. तिच्या बरोबरीनं, तिच्याच बेतानं पळू लागला. अल्ताफ जिवाच्या आकांतानं रेटत होता. माझ्या शेजारी माईसाहेबांनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी फुटली.

शर्यत संपते तो खांब दिसायला लागला तेव्हा क्वीननं कान पाडले, दात काढले आणि त्याच्या तोंडावर सरळ चावा टाकला. ती त्याच्या आईच्या वळणाची नव्हती. तिला तो अजिबात आवडला नव्हता. बिनबोभाट दचकला, मान ताणून पुढे उसळला, आणि तेवढ्या मानेनं डर्बी जिंकला.

नानासाहेब खुर्चीवर उभे होते. खुर्चीवर कधी चढले ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते ओरडत होते, आणि जे ओरडत होते ते "हवालदार, हवालदार" होतं. आजूबाजूच्या लोकांनी ते उचललं.

पुढे मोठी गर्दी झाली. जिंकलेल्या घोड्याजवळ नानासाहेबांना पत्रकारांनी घेरलं. एक तरुण पत्रकार वही काढून विचारत होता, की एवढा आयरिश नर दाराशी असताना चंद्रकोरीसाठी हवालदार निवडावा हे त्यांना सुचलं कसं. नानासाहेबांनी घसा खाकरला. क्लबात सॅल्यूट ठोकणारे गृहस्थ तिथेच मागे उभे होते.

"चंद्रकोरीच्या घराण्यात वेग होता, दम नव्हता," नानासाहेब म्हणाले. "दम आणायचा तर हवालदाराचंच रक्त पाहिजे, हे मी फार आधी ताडलं होतं. लोक हसले. मी हसू दिलं."

मी माईसाहेबांकडे पाहिलं. त्या तोंडाला पदर लावून गर्दीतून मागे सरकत होत्या. मला वाटलं त्यांना भोवळ येतेय. मी त्यांना धरून कुंपणापलीकडच्या झाडाच्या सावलीत नेलं. भोवळ वगैरे काही नव्हतं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतलं काजळ पसरलं होतं.

"प्रमिला, कडी मी काढली होती गं," त्या म्हणाल्या.

मी त्यांना धरलेला हात सोडला.

"सोमवतीला तुम्ही सगळे जेजुरीला गेला होतात. हे वर झोपलेले. मी दूध बघायला म्हणून मागे गेले, तर हा दारातून मान काढून चंद्रकोरीकडे बघत उभा. आदल्या दिवशी तिनं त्या आयरिशाला लाथा घातलेल्या मी पाहिल्या होत्या. आणि याच्याकडे बघून ती कुंपणाला येऊन टेकली होती. रोज याला मांडवापर्यंत न्यायचं आणि मांडवातून परत आणायचं. मला बघवेना. मी कडी काढली. तुम्ही यायच्या आत परत घातली. बाकी मी काही केलं नाही."

"आणि आम्हाला गंजीमागे बसवलंत."

"तुम्हाला कुणाला जाऊ दिलं का मी?" त्यांनी पदरानं डोळे टिपले. मग जरा थांबून म्हणाल्या, "मला बघायला थोरले आले होते, ठाऊक आहे तुला? यांचे मोठे भाऊ, आप्पासाहेब. सहा फूट उंच, घारे, मिलिटरीतले. हे नुसते गाडी चालवायला बरोबर आलेले. थोरले बैठकीत छाती काढून बसले होते, आणि हे मागच्या दारी आमच्या म्हाताऱ्या घोडीला गोष्टी सांगत होते. खिडकीतून मी सगळ्या ऐकल्या. हसून हसून माझ्या हातातला चहा सांडला. वडलांना सांगितलं, करीन तर मागच्या दारच्याशी. वडील आधी खूप रागावले. मग गुरुजींकडून थोरल्यांची पत्रिका जुळत नाही असं म्हणवून घेतलं, आणि यांची जुळवून घेतली."

मैदानात बँड वाजायला लागला होता. बिनबोभाटच्या गळ्यात हार होता आणि तो हारातला झेंडू खात होता. त्याच्या शेजारी उभे राहून नानासाहेब आता त्या तरुणाला हवालदाराच्या सात पिढ्या सांगत होते.

"नानासाहेबांना हे माहीत आहे?" मी विचारलं.

"कुठलं? माझं की घोड्याचं?"

"दोन्ही."

माईसाहेबांनी पैठणीचा पदर नीट खांद्यावर घेतला, पसरलेलं काजळ बोटानं पुसलं आणि गर्दीकडे चालू लागल्या.

"दोन्हीकडे निवड आपलीच होती, असं त्यांना वाटतं," त्या म्हणाल्या. "राहू दे. छान सांगतात."